घटाचं पाणी आणि मंगळवारचा वास

ह्या ग्रुपवर लोक लिहितात ते माझी सून मनीषा मला दुपारी वाचून दाखवते. निम्म्या गोष्टींना मी हसते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, पिंपळाखालची बाई... मी माहेरची खडवलीची. नदीकाठी वाढले. आमच्या घाटावर हडळ आहे असं बायका सांगायच्या, आणि मी मुद्दाम त्याच वेळेला धुणं घेऊन जायची. गर्दी नसायची, चांगला दगड मिळायचा. तेव्हा मला घाबरट समजू नका. शाळा चौथीपर्यंत. वय एकाहत्तर. डोकं ठिकाणावर आहे. मी फोनमध्ये बोलते, ते लिहून येतं, आणि मनीषा शुद्धलेखन बघते. बाकी एक शब्द बदलायचा नाही असं तिला बजावलंय.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. चौथा मजला, दोन बेडरूमचं घर. मुलगा प्रशांत, सून आणि मी. आमचे हेही होते. ह्यांची नोकरी कोलशेतला एका केमिकल कंपनीत झाली. कंपनी कधीच बंद पडली, आता तिथे बिल्डिंगी आहेत. कंपनीत यंत्रं तापायची, ती थंड ठेवायला पाणी फिरवायचे, आणि ते गरम झालेलं पाणी उंचावरून खाली पाडून पुन्हा गार करायचे. ते पाणी सांभाळायचं काम ह्यांचं. तीस वर्षं तेच केलं. पाण्यात शेवाळ होऊ द्यायचं नाही, जंतू वाढू द्यायचे नाहीत, पाइपात बुळबुळीत थर धरू द्यायचा नाही. रोज काचेच्या छोट्या बाटलीत पाणी घेऊन उजेडात धरून बघायचे. दर मंगळवारी पहिल्या पाळीत, सव्वासातला औषध टाकायचे. एका मंगळवारी एक, पुढच्या मंगळवारी दुसरं. एकाच औषधाची जंतूंना सवय होते म्हणायचे. पहिल्याला ब्लिचिंगसारखा उग्र वास, दुसऱ्याला वासच नाही. म्हणून एक सोडून एक मंगळवारी घरी आले की शर्टाला तो वास असायचा. मी तो शर्ट वेगळा भिजवायची. तीस वर्षं भिजवला, त्यामुळे त्या वासाबद्दल मला कोणी शिकवू नये.

प्रशांत घरूनच काम करतो. बिल्डिंग बांधायच्या आधीच तिच्यात फिरून आल्यासारखं दिसेल, अशी चित्रं तो बिल्डर लोकांना करून देतो. त्यासाठी मोठा कॉम्प्युटर लागतो, आणि तो फार तापतो. चार वर्षांमागे त्याने नवीन जोडून घेतला... काचेचा! आत नळ्या, नळ्यांतून पाणी फिरतंय, एक काचेची टाकी, छोटा पंप, आणि सगळ्यावर निळे-जांभळे दिवे. ह्यांनी तो पाहिला आणि खुर्ची ओढून समोर बसले, ते जेवायला हाक मारली तरी उठेनात.

"बाबांना माशांची टाकी वाटतेय का?" मनीषा म्हणाली.

"मासे नसले तरी घाण तीच होणार," हे म्हणाले. मग प्रशांतला विचारलं, पाणी कुठलं घातलंस? बॅटरीचं, तो म्हणाला. बॅटरीच्या दुकानात कॅनमध्ये मिळतं ते, क्षार काढलेलं. हे म्हणाले, चांगलं केलंस, पण नुसतं नको. औषधाचे थेंब घाल. आणि टाकीवर काळा कागद लाव, उजेड तोड.

प्रशांतने कपाळाला आठ्या घातल्या. एवढे दिवे कशाला लावलेत, कागदाने झाकायला? औषध आणतो नंतर.

"काच आहे, उजेड आहे, पाणी कोमट आहे," हे म्हणाले. "शेवाळाला आता जेवायला वाढायचं तेवढं बाकी आहे."

ते मी वाढलं.

त्या वर्षीचा दसरा. आमच्याकडे नवरात्रात घट बसतात, दसऱ्याला उठतात. नऊ दिवस कलशात राहिलेलं पाणी घरभर शिंपडायचं, उरलेलं तुळशीला घालायचं, ही आमची पद्धत. माझी सासू हेच करायची. त्याच दिवशी घरातल्या यंत्रांची, हत्यारांची पूजा. प्रशांतने कॉम्प्युटर बंद करून, काच काढून, आतली धूळ पुसून ठेवला होता, आणि झेंडूची फुलं आणायला खाली गेला होता. मी हळदकुंकू लावलं. बघते तर टाकीतलं पाणी बोटभर खाली गेलेलं. माझ्या मनात आलं, ह्याच यंत्रावर माझ्या मुलाचं पोट आहे, देवीचं पाणी जरा आतही जाऊ दे. झाकण फिरवलं आणि कलशातलं अर्धी वाटी पाणी ओतलं. झाकण लावलं. बोटं पदराला पुसली. कोणाला सांगितलं नाही. लपवावं म्हणून नाही हो, सांगण्यासारखं काही केलंय असंच वाटलं नाही. नऊ दिवस विड्याची पानं, सुपारी, हळद, अक्षता घेऊन बसलेलं पाणी ते. घरात शिंपडायला ठीक.

तीन आठवड्यांनी ह्यांच्या लक्षात आलं. टाकीसमोर उभे राहून, डोळे बारीक करून म्हणाले, पाणी धुरकट झालंय. धुरकट दिसायला लागलं म्हणजे उशीर झालेला असतो. प्रशांतला सांगितलं, आजच्या आज पाणी बदल. तो म्हणाला, बाबा, दिवाळीनंतर मोठं काम द्यायचंय, आत्ता मशीन बंद करता येणार नाही, आणि कृपा करून हात लावू नका.

हे स्वयंपाकघरात आले. मला विचारलं, "तू काही टाकलंस का त्यात?"

मी सांगितलं. ते पाटावर टेकले. मग म्हणाले, त्याला सांगायला हवं, म्हणजे तो ऐकेल. मी म्हटलं, काही नको. तो चिडेल, सणासुदीला घरात कटकट. देवीचं पाणी आहे, त्याने काय होतंय? तुम्हाला जिथे तिथे तुमची कंपनीच दिसते.

तेव्हा बोलले असते तर पाणी बदललं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती. हे मी रोज म्हणते. म्हणून उपयोग नाही, तरी म्हणते.

दिवाळीनंतर तो बिल्डरला चित्र दाखवायचा दिवस आला आणि सकाळीच कॉम्प्युटर बंद पडला. चालू केला की पाच मिनिटांत तापून बंद. प्रशांतने सगळं उघडलं. आत एक तांब्याचा ठोकळा असतो, त्याला केसासारख्या बारीक फटी, त्यातून पाणी जाऊन उष्णता घेतं. त्या फटी हिरव्या-पांढऱ्या बुळबुळीने बुजल्या होत्या. फुलदाणीतलं पाणी आठवडाभर राहिलं की मारतो तसा वास खोलीभर. आणि टाकीच्या तळाला पिवळा गाळ, त्यात तांदळाचा एक दाणा, फुगून मऊ झालेला.

त्याने दाणा बोटावर घेतला आणि बाहेर आला. आम्ही तिघं हॉलमध्ये. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते.

"हे कोणी टाकलं?"

माझं तोंड उघडलं नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी. दसऱ्याला. पाणी कमी दिसलं, घटातलं घातलं."

प्रशांत त्यांना म्हणाला, "तीस वर्षं काय पाणी सांभाळलंत मग?"

एवढंच म्हणाला. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडण होऊन मोकळं झालं असतं. ह्यांनी मान खाली घातली. कंपनी बंद पडली तेव्हा घातली नव्हती. साहेब लोक ह्यांना विचारून पाण्यात हात घालायचे, आणि पोटच्या पोराने हे विचारलं. ते काम हातचं गेलं. तो बिल्डर दुसऱ्याकडे गेला, पुढची कामंही त्याच्याबरोबर गेली.

दुपारी मी म्हटलं, मी सांगते त्याला. हे म्हणाले, "राहू दे. माझं त्याचं असंही पटत नाही. तुझं तरी राहू दे."

आणि मी राहू दिलं. खरं सांगते, मला बरंच वाटलं. दोन दिवसांत निवळेल म्हटलं. निवळलं नाही. मग बाबांना विचार, त्याला सांग, असं सगळं माझ्यामार्फत सुरू झालं. एका घरात, एका टेबलावर. प्रशांतने कॉम्प्युटर साफ करून नवीन पाणी भरलं. ह्या वेळी औषधाचे थेंबही घातले, बाप सांगत होता ते. पण बापाला तसं म्हणाला नाही. हे त्या खोलीत गेले नाहीत. येता-जाता दारातून टाकीकडे बघायचे, तेवढंच. श्रावणात एका सकाळी छातीत दुखलं, हॉस्पिटलात नेलं, संध्याकाळपर्यंत गेले. प्रशांतने सगळं केलं. पण ते गेले ते पाण्यात घाण टाकणारा माणूस म्हणून गेले, आणि खरं काय ते घरात एकटीला मला माहीत होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

तेराव्यानंतर तीन-एक आठवडे झाले असतील. सकाळी मी प्रशांतच्या कामाच्या खोलीत केर काढत होते आणि तो वास आला. ब्लिचिंगचा उग्र, पण त्यात लोखंडाचा, ओलसर... शर्टाचा वास. मला वाटलं मोरीतून येतोय. मोरी हुंगली, खिडकी उघडून बघितलं. काही नाही. वास कॉम्प्युटरच्या टेबलापाशी, आणि पाच-दहा मिनिटांत गेला. मी सोडून दिलं. नवरा गेल्यावर बायकांना नको नको ते भास होतात, मी बघितलंय.

पंधरा दिवसांनी मनीषा चहा टाकता टाकता म्हणाली, "आई, तुम्ही सकाळी सकाळी ब्लिचिंग कशाला टाकलंत?" मी टाकलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वासात झाले होते. वार बघितला. मंगळवार.

मग मी पाळत ठेवली. पुढचा मंगळवार कोरडा गेला. त्याच्या पुढच्या मंगळवारी वास. मग कोरडा. मग वास. सव्वासात, पाच मिनिटं इकडेतिकडे. मी घाबरले नाही. माझा हात केरसुणीवर थांबायचा, वास जाईपर्यंत मी तशीच उभी राहायची. प्रशांत उशिरा उठतो, त्याला माहीत नव्हतं. मनीषाला मी म्हटलं, खालच्या मजल्यावरचे टाकत असतील. ती हो म्हणाली. तिला पटलं नव्हतं, पण ती हो म्हणाली.

ह्यांना जाऊन वर्ष झालं. वर्ष व्हायच्या आधी आम्ही घट बसवले नाहीत. नंतर बसवले. त्याच सुमाराला एकदा प्रशांत टाकीकडे बघत म्हणाला, कमाल आहे, वर्षभरात पाणी बदलायला सांगतात, दोन वर्षं होत आली, मी हातसुद्धा लावला नाही, आणि अजून काचेसारखं आहे. मनीषा म्हणाली, औषध चांगलं असेल. तो म्हणाला, औषधाचा जोर केव्हाच संपला असणार. आणि विषय बदलला.

त्या दसऱ्याला मी काय केलं ते सांगते. शहाणपणाचं नव्हतं. प्रशांत फुलं आणायला गेला तेव्हा मी पुन्हा झाकण फिरवलं आणि पुन्हा कलशातलं अर्धी वाटी पाणी ओतलं. अक्षतांसकट. मला बघायचं होतं. देवाची परीक्षा नव्हे, नवऱ्याची.

तीन आठवडे गेले. पाणी स्वच्छ. दिवाळी झाली. स्वच्छ. सात आठवडे झाले. एक सोडून एक मंगळवारी वास. सातव्या आठवड्यात मी त्या टेबलापाशी उभी होते आणि एकदम माझ्या लक्षात आलं की हा माणूस अजून कामाला लागलाय. आयुष्यभर पाळ्या केल्या, गेल्यावरही सुटका नाही, आणि ते कशासाठी, तर माझी चूक पोराला दिसू नये म्हणून. मी म्हटलं, "अहो, बास करा आता." कोण ऐकणार होतं? वास नेहमीसारखा पाच मिनिटांनी गेला.

त्या रविवारी दुपारी मी वाल सोलत बसले होते. बिरड्याला भिजवून मोड आणलेले. प्रशांत समोर येऊन बसला, त्यानेही मूठभर पुढ्यात ओढले. मनीषा आत होती. मी वालावरची नजर न काढता म्हटलं, "ते पाणी बाबांनी टाकलं नव्हतं. मी टाकलं होतं."

तो सोलत होता, थांबला.

"बाबांना माहीत होतं?"

"तुझ्या आधी तीन आठवडे."

"आणि तू गप्प बसलीस."

"हो."

मी रडले नाही. रडले असते तर त्यालाच मला समजवायला लागलं असतं. तो म्हणाला, "मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाबा आणि असलं पाणी... शक्यच नव्हतं." मग विचारलं, "मी त्यांना काय म्हणालो होतो, आठवतंय तुला?"

"आठवतंय."

"म्हणून दाखवू नकोस," तो म्हणाला.

मग मी उरलेलंही सांगितलं. मंगळवार, वास, ह्या दसऱ्याचं पाणी. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू आता आईला डॉक्टरकडे न्यावं लागणार. मनीषा दारात उभी होती, ती म्हणाली, वास मलाही येतो. प्रशांत उठला, खोलीत गेला, टाकीवर बॅटरी मारली. आम्ही मागोमाग. तळाला दोन तांदळाचे दाणे होते. सात आठवडे कोमट पाण्यात पडलेले. पांढरे, कडक, डब्यातून आत्ता काढल्यासारखे. फुगलेसुद्धा नव्हते. त्याने फोटो काढला. तो फोटो अजून त्याच्याकडे आहे, पण इथे टाकणार नाही म्हणतो.

लगेचचा मंगळवार कोरड्याचा, त्याच्या पुढचा वासाचा. त्या दिवशी तिघंही सव्वासातच्या आधी तिथे उभे. प्रशांत गजर लावून उठला होता. साडेसात झाले, आठ झाले. काही नाही. पंपाची घरघर तेवढी.

मी प्रशांतला सांगितलं त्याच्या अकराव्या दिवशी पाणी धुरकट झालं. पंधराव्या दिवशी नळ्यांना आतून हिरवं दिसायला लागलं. दाणे फुगून फुटले. दोन वर्षं जे झालं नाही ते दोन आठवड्यांत झालं.

प्रशांतने पाणी बादलीत काढलं. सगळं धुतलं, ठोकळा ब्रशने घासला, बॅटरीचं पाणी भरलं, थेंब घातले. टाकीला तीन बाजूंनी काळा कागद लावला. निळे दिवे काढून टाकले. ह्यांच्या पत्र्याच्या पेटीत ती नमुन्याची काचेची बाटली होती, ती मागून घेतली. आता दर मंगळवारी त्यात थोडं पाणी काढतो, खिडकीत धरून बघतो, परत ओततो. त्याला हे कोणी शिकवलं नाही. बाप कंपनीत काय करायचा ते त्याने डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं, मी सांगायची तेवढंच.

मनीषाचं म्हणणं, औषधाचा जोर तेव्हाच संपला असेल, योगायोग. असेल. मग मंगळवार कसा? तिच्याही नाकाला तो वास कसा? उत्तर कोणाकडे असेल तर कळवा, पण पूजा-शांती सांगू नका. ती करायची नाही.

मंगळवारचे ते यायचे थांबले ते मी प्रशांतला खरं सांगितलं ते ऐकून, की मी 'बास करा' म्हटलं त्याचा राग येऊन, हेही कळत नाही. प्रशांत एकदा टाकीपुढे उभा राहून काहीतरी पुटपुटत होता. मी दारातून परत फिरले. त्याचं त्यांच्याशी राहिलेलं बोलणं असेल. ते त्याने माणसासमोर बोलायला हवं होतं, आणि ते माझ्यामुळे राहिलं.

यंदा दसऱ्याला कलश उचलला तेव्हा प्रशांतने टाकीच्या झाकणावर हात ठेवला. "आई, सगळं तुळशीला." मी म्हटलं, तुळशीलाच चाललेय, माझ्या हातावर लक्ष ठेवायची गरज नाही. तो हसला. मी सगळं पाणी तुळशीला घातलं.

त्याच्या थेंबांना वास नाही. तरी मंगळवारी सव्वासातला मी त्या खोलीत केर काढायला जाते. एकदा काढून झालेला असला तरी पुन्हा काढते.